चालू झालं म्हणजे दुरुस्त झालं नव्हे

सत्तरच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी तेव्हा कॉलेजात होतो. वसईत आमच्या घराच्या ओटीवर एक जुनं टेबल होतं आणि त्यावर लोकांचे बिघडलेले रेडिओ उघडून बसायचा मला नाद होता. नादच, धंदा नव्हे. पैसे घ्यायचे ते सुट्या भागांपुरते. एका संध्याकाळी पाचूबंदरचे एक नाखवा आपला ट्रान्झिस्टर टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. म्हणाले, "पोरा, बघ जरा याला. मध्येच बोलतो, मध्येच गप बसतो."

मी मागचं झाकण काढलं, सेलच्या पत्र्यांवर आलेला हिरवट गंज खरवडला, दोन तारा हलवल्या. सेट खणखणीत बोलू लागला. अर्धा तास वाजवून पाहिला आणि "झालं, नाखवा" म्हणून परत दिला. आठवड्यानं ते पुन्हा दारात उभे. होडी खोल समुद्रात असताना सेट गप्प झाला होता. मुंबई ब केंद्रावरून तेव्हा मच्छीमारांसाठी हवामानाचा इशारा सांगत, तो त्यांना ऐकू आला नाही. वारा फिरला तेव्हा आभाळाचा रंग बघून त्यांनी जाळी ओढली आणि माघारी वळले. सगळे सुखरूप आले. मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बंद आहे म्हणाला असतास तर दुसऱ्याचा मागून नेला असता. चालू आहे म्हणालास, म्हणून भरवसा ठेवला."

ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. रेडिओ चालू करणं आणि रेडिओ दुरुस्त करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो का बंद पडला हे कळेपर्यंत तो दुरुस्त झालेला नसतो. आज मला बोलायचं आहे ते या "का"बद्दल. आपल्याकडे घरोघरच्या हौशी मंडळींनी हा "का" शोधायची विद्या कशी कमावली आणि आता ती आपल्या हातून कशी निसटते आहे, याबद्दल.

सुरुवात मुंबईपासूनच करायला हवी. १९२३ साली रेडिओ क्लब ऑफ बॉम्बेच्या हौशी सभासदांनी मुंबईत प्रक्षेपण केलं. नियमित नभोवाणी केंद्र त्यानंतर चार वर्षांनी आलं. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन झालं. म्हणजे आपल्या देशात रेडिओ आणला तो आधी छंदवाल्यांनी, सरकार मागून आलं.

त्या काळी ज्यांना विकतचा सेट परवडत नसे, ते क्रिस्टल सेट तयार करत. तारेचं एक वेटोळं, गॅलेना नावाच्या खनिजाचा खडा, त्यावर टेकवलेली बारीक तार आणि कानाला लावायचा हेडफोन. या सेटला बॅटरी लागत नाही, वीजही लागत नाही. एरियलमध्ये येते तेवढ्याच शक्तीवर तो बोलतो. गॅलेनाच्या खड्याला विद्युतलहरी कळतात हे दाखवणाऱ्यांत आपले जगदीशचंद्र बोस अगदी पुढे होते. त्यांच्या या शोधाला १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळालं. या सेटमधला बिघाड एकाच जातीचा. तारेचं टोक खड्यावरच्या नेमक्या जागी टेकलेलं नसायचं. मग ते टोक कणाकणानं सरकवत आवाज येईल ती जागा शोधायची. बिघाड शोधण्याची पहिली शाळा ती. तिनं धीर शिकवला.

पुढे व्हॉल्व्हचे सेट आले. आमच्या पिढीनं ते घराच्या फळीवर, भरतकामाचं कापड पांघरून बसलेले पाहिले आहेत. मर्फीचा तर कारखानाच आपल्या ठाण्याला होता. रेडिओ बाळगायला तेव्हा लायसन्स लागे आणि ते दरवर्षी पोस्टात जाऊन नवं करावं लागे. १९८० च्या दशकात ती अट संपली. हे सेट जड, तापणारे आणि महागडे. पण त्यांचा एक मोठा गुण होता. ते उघडता येत. कितीतरी सेटच्या आत किंवा पाठीवर सर्किटचा नकाशा चिकटवलेला असे. कंपनी जणू सांगत असे, "मी अशी बनले आहे. बिघडले तर या वाटेनं ये."

आणि आमच्या भागात सेट बिघडतच. वसई म्हणजे तीन बाजूंना पाणी. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, उत्तरेला वैतरणा. मध्ये मिठागरं, बावखलं आणि केळीच्या बागा. पावसाळ्यात चार महिने भिंतींना ओल. त्या काळचे कंडेन्सर कागदाचे, वरून मेण लावलेले. कागद दमट हवा ओढून घेई आणि जिथं वीज अडायला हवी तिथून ती झिरपू लागे. गंमत अशी की बिघाड त्या लहानशा कंडेन्सरमध्ये, पण त्रास दिसायचा पुढच्या आउटपुट व्हॉल्व्हमध्ये. आवाज चिरका व्हायचा, व्हॉल्व्ह भलताच तापायचा आणि शेवटी कामातून जायचा. शिकाऊ माणूस व्हॉल्व्ह बदलायचा. महिनाभरात नवाही जायचा. व्हॉल्व्हला भरपूर पैसे पडत, कंडेन्सर चार-आठ आण्यांचा. आमच्या बाजारातले रेडिओवाले मास्तर म्हणायचे, "ताप आलेल्या माणसाचं कपाळ बदलून चालेल का? ताप कुठून आला ते बघ."

या मास्तरांकडे मीटर नंतर आला. आधी त्यांचं हत्यार म्हणजे सिरीज लॅम्प. विजेच्या वाटेत साधा बल्ब जोडायचा आणि त्यातून सेटला वीज द्यायची. बल्ब भगभगीत पेटला तर सेटमध्ये कुठेतरी शॉर्ट आहे. मुळीच पेटला नाही तर वाट तुटली आहे. मंद पेटला तर पुढं जायला हरकत नाही. एका बल्बमध्ये तीन उत्तरं! शिवाय शॉर्ट असला तरी सगळा भार बल्ब सोसतो आणि सेट जळत नाही. आजही अनेक दुकानांत हा बल्ब लटकलेला दिसेल.

स्वस्तातल्या काही सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसे. त्यातल्या व्हॉल्व्हचे फिलामेंट दिवाळीच्या तोरणासारखे एकामागून एक जोडलेले असत. एक गेला की सगळे विझणार. त्याहून वाईट म्हणजे अशा सेटच्या लोखंडी सांगाड्यातच घरातली वीज आलेली असू शके. सॉकेटमध्ये पिन उलटी बसली की सांगाडा जिवंत. मला या धक्क्यानं एकदा खुर्चीसकट मागं फेकलं आहे. तेव्हापासून एक हात खिशात ठेवून काम करायची सवय लागली. धक्का एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हाताकडे जाऊ नये म्हणून जुन्या कारागिरांनी घालून दिलेली ही शिस्त आहे.

मोजायचं हत्यार जगात आलं तेही १९२३ सालीच. इंग्लंडच्या पोस्ट खात्यातल्या डोनाल्ड मॅकाडी या इंजिनिअरला वीजप्रवाह, दाब आणि अडथळा मोजायला तीन वेगळी यंत्रं वागवायचा कंटाळा आला. त्याच्या कल्पनेतून अ‍ॅव्होमीटर बाजारात आला. अँपियर, व्होल्ट आणि ओहम या तिन्हींची आद्याक्षरं जोडून हे नाव. आपल्या महाराष्ट्रात या मीटरचा पत्ता नाशिक रोड. तिथं बनणारा मोटवानेंचा मल्टिमीटर कॉलेजच्या प्रयोगशाळांतून आणि दुकानांतून मानानं वावरला. या मोटवाने घराण्याची गोष्टही सांगण्यासारखी आहे. त्यांची शिकागो रेडिओ ही कंपनी काँग्रेसच्या अधिवेशनांना लाउडस्पीकर पुरवायची. १९४२ च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तेव्हा याच घराण्यातल्या नानक मोटवाने यांनी यंत्रसामग्रीची मदत केली. पोलिसांचा माग चुकवत, जागा बदलत ते केंद्र १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पकडलं जाईपर्यंत बोलत राहिलं. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. नानक मोटवाने यांच्यावरही खटला झाला, त्यातून ते सुटले. सुटे भाग जोडणं, तपासणं, सकाळी बंद पडलेलं यंत्र संध्याकाळपर्यंत बोलतं करणं या कामाची किंमत त्या तीन महिन्यांत देशाला कळली.

१९४७ साल आपल्या लक्षात आहे ते स्वातंत्र्यासाठी. या क्षेत्रात त्याच वर्षी आणखी दोन गोष्टी घडल्या. ९ सप्टेंबरला अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका अवाढव्य गणकयंत्राच्या रिलेत पतंग अडकलेला सापडला आणि तिथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून टाकला. बिघाडाला "बग" म्हणजे किडा म्हणायची रीत त्याआधीची आहे. एडिसननं १८७८ साली हा शब्द वापरला होता. पण खराखुरा किडा वहीत चिकटवला गेला तो इथं. आम्हां वसईकरांना याचं नवल नाही. पावसात आमच्या रेडिओत मुंग्या बिऱ्हाड करत आणि गँग कंडेन्सरच्या पात्यांत पाल अडकत असे. दुसरी गोष्ट डिसेंबरमधली. बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. तापणारा काचेचा व्हॉल्व्ह जाऊन त्याच्या जागी हरभऱ्याएवढा तुकडा आला.

आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं ट्रान्झिस्टर बनवायला घेतले आणि छंदाचं दार खऱ्या अर्थानं उघडलं. चार सेलवर काम चालणार, धक्क्याची भीती नाही, चूक झाली तर रुपया-दोन रुपयांचं नुकसान. १९६९ साली दिल्लीहून "इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू" हे मासिक सुरू झालं. त्यातली सर्किटं आम्ही वहीत उतरवून घ्यायचो, यादी करायचो आणि रविवार सोडून सवडीचा दिवस पकडून लॅमिंग्टन रोड गाठायचो. त्याचं आजचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण पार्ट आणणाऱ्याच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच. फास्ट गाडी ग्रँट रोडला थांबत नाही, म्हणून मुंबई सेंट्रलला उतरून पायी जायचं. एसी १२८ दोन, एसी १२७ एक, रजिस्टन्स पावशेर! हो, काही दुकानं मिसळीचे रजिस्टन्स वजनावर देत. घरी येऊन रंगाच्या पट्ट्यांवरून ते निवडत बसायचं. पिवळा, जांभळा, लाल म्हणजे ४,७०० ओहम. पण दिव्याच्या पिवळ्या उजेडात लाल आणि नारिंगी सारखेच दिसतात, आणि तिसरी पट्टी चुकली की किंमत दहापट! सर्किट चालत नाही म्हणून डोकं धरून बसलेल्या दहा पोरांपैकी निम्म्यांची चूक तिथंच निघायची.

दुसरी ठरलेली चूक मीटरची. काट्याच्या मल्टिमीटरमध्ये ओहम मोजताना आतल्या सेलचं धन टोक बहुतेक वेळा काळ्या तारेकडे असतं, लाल तारेकडे नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका दुपारी मी चार चांगले पीएनपी ट्रान्झिस्टर एनपीएन ठरवून उलटे जोडले आणि दोष दुकानदाराला दिला. मास्तर म्हणाले, "ट्रान्झिस्टर तपासण्याआधी मीटर तपास. आणि मीटरच्याही आधी स्वतःला."

हळूहळू त्यांच्याकडून एक पद्धत अंगी मुरली. आधी विचारायचं: कधीपासून, काय करताना, कोणत्या हवेत? मग बघायचं: काळं पडलेलं काही, फुगलेलं काही, जळका वास. मग पॉवर मोजायची, कारण निम्मे आजार तिथंच असतात. आणि मग सर्किट मधोमध कापायचं. सुरीनं नव्हे, डोक्यानं. रेडिओत मध्य म्हणजे व्हॉल्यूम कंट्रोल. सेलवरच्या सेटमध्ये त्याच्या मधल्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि स्पीकरमधून घरघर किंवा खट्‌ असा आवाज आला, तर तिथून पुढचं सगळं ठीक. दोष अलीकडच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचा अर्धा. चाळीस भागांचा सेट असला तरी पाच-सहा प्रश्नांत माणूस दोषाच्या दारात उभा राहतो. यात जादू काही नाही. अंदाजानं भाग बदलत सुटायचं नाही, एवढाच नियम.

नाखवांच्या सेटकडे मी दुसऱ्यांदा बसलो तो या पद्धतीनं. या वेळी विचारलं, "नाखवा, नेमका कधी गप बसतो?" ते म्हणाले, "मशीन चालू असलं की. नांगर टाकला की बोलतो." मी पहिल्याच दिवशी हे विचारलं असतं तर! होडीच्या इंजिनाची थरथर माझ्या ओटीवरच्या टेबलाला कुठून असणार? सेट चालू ठेवला आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकानं बोर्डावर एकेका जागी हलके ठोकत गेलो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरपाशी ठोकलं की आवाज जाई. भिंग लावून बघितलं, तर त्याच्या पायाभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर. लोखंडी ट्रान्सफॉर्मर बोर्डावरचा सर्वांत जड भाग. थरथरीनं तो डुलत राहिला आणि पायाशी सोल्डर तुटलं. वरून डाग चकचकीत, आत संबंध नाही. याला आम्ही ड्राय सोल्डर म्हणतो. जुनं सोल्डर काढून नवा डाग दिला, ट्रान्सफॉर्मर चिंधी आणि डिंकानं घट्ट बसवला आणि सेट शिवणयंत्राच्या फळीवर ठेवून आईला तासभर मशीन चालवायला लावलं. सेट एकदाही अडखळला नाही. मग दिला. पण या खेपेला "झालं" एवढंच नाही म्हणालो. काय झालं होतं तेही सांगितलं.

त्यानंतर काळ भराभर पुढे गेला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं होतंच. वसईच्या कौलांवर दक्षिणेकडे, वरळीकडे तोंड केलेल्या अँटेना उगवल्या. खाऱ्या वाऱ्यानं त्यांचे स्क्रू गंजले की पडद्यावर मुंग्या. १९८२ च्या एशियाडबरोबर रंग आले. हान्स कामेन्झिंड यांनी आखलेली ५५५ ही टायमरची आयसी १९७२ पासून बाजारात होती. पुढे तिनं शाळकरी पोरांना लुकलुकणारे दिवे आणि पाण्याच्या टाकीचे अलार्म करायला लावलं. आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिक बाहेर पडू लागले. वसई पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवली भागात लहान कारखान्यांच्या वसाहती पसरल्या. सर्किट वाचता येणाऱ्या मुलाला हाताला काम मिळे.

पण प्रत्येक पावलाबरोबर बिघाड हातापासून एक बोट लांब जात होता. व्हॉल्व्ह जळला की दिसायचा. ट्रान्झिस्टर दिसत नसे, पण त्याचे तीन पाय मोजता येत. आयसीच्या पोटात काय चाललंय ते तिच्या पायांवरून ताडावं लागे. आता बोर्डावरचे भाग मोहरीएवढे झाले, वेष्टण डिंकानं बंद झालं आणि नकाशा तर मिळतच नाही. दुकानदार म्हणतो, "बोर्ड बदला." बोर्डाची किंमत नव्या वस्तूच्या निम्मी. मग आपण नवीच वस्तू घेतो, आणि जुनी का बंद पडली ते कुणालाच कळत नाही.

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, गाड्या बंद, वीज बंद. पाणी ओसरल्यावर लोकांनी भिजलेले मिक्सर, टीव्ही, इन्व्हर्टर माझ्या ओटीवर आणून ठेवले. ज्यांनी "चालू करून तर बघू" म्हणून बटण दाबलं होतं, त्यांच्या वस्तू जळाल्या होत्या. ज्यांनी धीर धरला, त्यांचे बोर्ड आम्ही स्वच्छ पाण्यानं गाळ काढून धुतले, पुरते वाळवले, सिरीज लॅम्पवर जोखले. त्यातले बरेचसे वाचले. तोच जुना बल्ब पुन्हा कामाला आला.

अलीकडे जगात या प्रश्नाची जाण वाढते आहे. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वस्तूंवर ती कितपत दुरुस्त करता येते याचे गुण छापावे लागतात. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याची माहिती देणारं पोर्टल सुरू केलं. ही सुरुवात चांगली आहे. पण हक्क कागदावर मिळाला, तरी तो वापरायला हात लागतात. ते हात घरातल्या टेबलावर तयार होतात.

म्हणून आई-वडिलांना माझं एक सांगणं आहे. घरातला जुना, सेलवर चालणारा रेडिओ किंवा खेळणं भंगारात टाकण्याआधी मुलांना उघडू द्या. विजेवर चालणाऱ्या वस्तू मात्र जाणत्या माणसाशिवाय उघडू देऊ नका. मुलांनी वस्तू चालू केली तर कौतुक करा, पण लगेच पुढचा प्रश्नही विचारा, "बंद का पडली होती?"

ते नाखवा आता नाहीत. तो ट्रान्झिस्टर दुरुस्त झाल्यावर त्यांनी पैसे विचारले. मी नको म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओटीवर एक टोपली होती, तीत ताजी पापलेटं. घेऊन आलेला त्यांचा मुलगा म्हणाला, "बाबांनी सांगितलंय, या वेळेला काय मोडलं होतं ते सांगितलंत ना, म्हणून."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)